उजवीकडे काय चाललंय

खोली मोजली माझ्या शिवणाच्या टेपनं:
लांबीला अडीच टेप,
रुंदीला दोनाला चार बोटं कमी.
पलंग मागच्या भिंतीला चिकटून,
कारण दुसरीकडे तो मावत नाही,
आणि खिडकीखाली ठेवला असता, तर
उठल्या उठल्या बंदर दिसलं असतं,
जे अन्सेल्मोला आता बघायचं नसतं.
एकतीस वर्षं क्रेन चालवली त्यानं.
उजवा कान तिथंच गेला.
कुठल्याशा कंटेनरबरोबर परदेशी लागला, म्हणतो.

दुकानातल्या फाबियाननं विचारलं,
"बसता त्याच्या मागे जागा किती?"
म्हटलं, भिंत.
"हो, पण भिंतीपर्यंत?"
म्हटलं, उशी.

मग त्यानं बिलाच्या पाठीवर पलंग काढला,
थेट शवपेटीसारखा; मी काही बोलले नाही.
मागचा नाद सोडा, म्हणाला,
दोन्ही बाजूंना लावा, कानांच्या हातभर वर.
आणि बंद खोक्याचे घ्या. पाठीला भोक असलेला
भिंतीलगत घुमतो,
बादलीत तोंड घालून बोलल्यासारखा.
सगळ्यात लहान जोडी त्यानं तळहातावर ठेवली.
पावाएवढी. एकेक सव्वा किलोचा.

ऐका म्हणाला, आणि हेलिकॉप्टर लावलं.
ते डावीकडून आलं.
अन्सेल्मोनं मान वळवत त्याला सोबत केली
अर्ध्या दुकानापर्यंत.
पुढे ते त्याच्यापुरतं
कुठेतरी समुद्रात पडलं.
"एकच देता का?" त्यानं विचारलं. "डावा?"
"जोडीनंच येतात, सेन्योर."
जोडीच द्या, मी म्हटलं.
उजवीकडे मी झोपते.

शेवटी तो काळा ठोकळा निघाला,
जमिनीवर ठेवायचा, पोटात धडधडवणारा.
अर्ध्या किमतीत देतो, म्हणाला.
आम्ही दोघंही एकदम: नको.
पोर दक्षिणेकडून नुकतं आलेलं नाही, इथलंच आहे,
पण त्या फेब्रुवारीच्या रात्री
आईच्या काखेत झोपेत असणार.
वाल्पाराइसोत जमिनीनं
लांडगा आला रे खेळायचं नसतं.

घरी आल्यावर भिंतीचा प्रश्न.
भिंतींना कान असतात म्हणे;
आमच्या भिंतीला आधी दोन्या ओर्फेलिना आहेत,
कान त्यानंतर.
ड्रिल चालू झालं तशी त्यांनी पलीकडून ठोकलं,
अन्सेल्मोनं ऐकलं नाही, खरंच ऐकलं नाही.
ब्रॅकेट बसल्यावर लगेच स्पीकर लावेल
तर तो क्रेनवाला कसला?
दोन्हीकडे पाच-पाच किलो पिठाच्या पिशव्या टांगल्या.
"चौपट भार. रात्रभर."
आणि त्यांच्याखाली आम्ही झोपलो,
म्हणजे आडवे झालो.
पहाटे तीनला त्यानं विचारलं, पडली का?
पडली असती तर, मी म्हटलं,
तुला पांढरी दिसले असते.

आता शनिवारी सिनेमा असतो.
मोठा आवाज नाही; ओर्फेलिनांची झोप हलकी.
दर थोड्या वेळानं तो कुजबुजतो,
तिकडे काय चाललंय?
मी सांगते: दार वाजलं.
पावलं. लांब कुत्रं.
आता कुणी नाही.
कधीकधी पदरचंही घालते थोडं,
एखादा टांगा, एखादी शिंक,
जे त्या सिनेमात कुठेच नसतं,
आणि तो गंभीरपणे मान हलवतो.
या कानाचं त्या कानाला कळत नाही
याचा मी असा फायदा घेते.

मागच्या आठवड्यात,
पडद्यावरचे सगळे नुसते सूप पीत बसलेले असताना
कपाटातले हँगर एकमेकांना लागले.
मग ग्लासातलं पाणी.
अन्सेल्मोनं माझं मनगट धरलं.
"उजवीकडे काय?"
सगळीकडे, मी म्हटलं.

अकरा सेकंद, त्यानं मोजले.
सूप संपलं नव्हतं त्यांचं.
दोन्ही स्पीकर जागच्या जागी,
फक्त डाव्या ब्रॅकेटच्या खाचेतून
कधीचं अडकलेलं चिमूटभर पीठ
सावकाश
त्याच्या उशीवर उतरत होतं.